टेकडीपुरती कोरी जागा

एकतीस वर्षं मी हे शहर शाईनं ओढलं,
ट्रेसिंग कापडावर, मनगटाखाली टीपकागद ठेवून,
आणि दर वेळी मधोमध
एक जागा कोरी सोडली.

भोयर साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
"सीताबर्डीची टेकडी काढायची नाही. लष्कराची आहे.
रेघ तिथवर न्यायची अन् थांबवायची."
नेली. थांबवली.

पण रस्त्यांना कोण थांबवणार?
ते टेकडीपाशी येत, अंग चोरत,
झोपलेल्या बापाच्या खाटेला वळसा घालून
पोरं निघून जातात तसे जात.
रूळही तसेच. बाजार मात्र
पायथ्याला बिलगला तो बिलगलाच,
चपला, पडदे, कुलरच्या जाळ्या घेऊन.
म्हणतात, वरच्या तोफांना समोर मोकळी नजर हवी होती.
तोफा गेल्या, नजर राहिली,
म्हणून मैदानात घरं चढली नाहीत,
पतंग चढले.
मेट्रोच्या वेळी नव्या पोरांनी
संगणकावर सरळ रेघ मारली.
मी काही बोललो नाही.
दुपारपर्यंत ती वाकली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या एक मेला
किल्ल्याचं फाटक उघडतात म्हणून गेलो,
डोक्याला ओला दुपट्टा बांधून.
जवानानं खिसे चाचपले:
एक कांदा, एक पट्टी.
"प्याज तो समझा. ये क्या है, चाचा?"
"आदत," मी म्हणालो.

वरून पाहिलं.
महाल, इतवारी, धंतोलीतली झाडी,
सगळं माझ्याच कागदाच्या आतून पाहिल्यासारखं.
ज्या वळणांवर ब्लेडनं शाई खरवडली,
ज्यांना शिव्या हासडल्या,
ती सगळी इकडेच तोंड करून बसलेली.
घर शोधलं. सापडलं नाही.

मागे वळलो तर
क्वार्टरपुढे एक बाज,
बाजेवर जुनं लुगडं,
लुगड्यावर पापड,
ओलसर, ओळीनं.
एक बाई काठी आपटून कावळा हाकत होती.

घरी द्वारकानं विचारलं, "काय दिसलं एवढं?"
"पापड."
"काऊन जी, पापड पाहाले गेलते का किल्ल्यावर?"

रात्री जुना नकाशा उलगडला.
त्या पांढऱ्या जागेत पेन्सिलीनं
तांदळाएवढा एक गोल काढला.
मग सवयीनं खोडला.
रबराचा चुरा फुंकला,
तो इतवारीवर जाऊन पडला.