नऊ एप्रिलचं पान

प्लोव्हदिवच्या छापखान्यात
भिंतीवरच्या, रोज एक फाडायच्या कॅलेंडरची
मी पानं भरते.
पुढे तारीख, मागे दिनविशेष.
मागची बाजू चार बोटं रुंद,
ओळी मोजून चौदा.
पंधरावी मेली तरी बसत नाही.

नऊ एप्रिलला माझ्याकडे तिघे आहेत.

प्रोदान वेलेव्ह, इंजिनियर.
आर्दा नदीवर तीन कमानी उभ्या केल्या,
चौथीचं माप घ्यायला वितळत्या बर्फाच्या पाण्यात उतरला,
आठवड्यात छाती भरून गेला.
पूल आहे अजून. बकऱ्या त्यावरून जातात.

नेजिप पैलवान, देलिओर्मानचा.
अंगाला तेल चोपडून उतरला की
समोरच्याच्या हाती नुसतं ऊन लागायचं.
जन्मभर कुणाला धरता आला नाही,
शेवटी काविळीनं धरला, खाटेवर.

स्तामेन द्राझेव्ह, खर्जातला गायक.
रुसेच्या रंगमंचावर राजाचं मरण मरता मरता
खराच गेला.
टाळ्या थांबेनात, पडदा दोनदा वर गेला.
तो उठला नाही तेव्हा कुणीतरी म्हणालं,
काय जीव ओतलाय!

तिघांची कधी गाठ नाही.
सालं वेगळी, देव वेगळे,
गाणं म्हटलं की इंजिनियरचं डोकं चढायचं म्हणे.
आता उभे आहेत खांद्याला खांदा लावून
मुंगीएवढ्या टायपात.
सकाळी कुणी त्यांना फाडतं,
वस्तऱ्याचा साबण पुसतं,
नाहीतर समासात कांदे, रॉकेल, सुतळी लिहून
बाजारात नेतं.

मग चेपेलारेहून पत्र आलं,
जांभळ्या शाईत, एक ओळ सोडून एक.
माझे वडील ग्रोझ्यो पाचालोव्ह
बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा घडवायचे.
धुक्यात नुसत्या आवाजावरून लोक सांगत
कळप कुणाचा.
नऊ एप्रिल एकोणीसशे सोळाला वारले.
तुमच्या पानावर ते का नाहीत?

मी नियमाला धरून कळवलं:
बाई, त्या वर्षी सरकारनं कॅलेंडर बदललं.
लोक एकतीस मार्चला झोपले
आणि उठले चौदा एप्रिलला.
मधले तेरा दिवस झालेच नाहीत.
सबब नऊ एप्रिलला त्या वर्षी
या देशात कुणीही मेलेलं नाही.
खाली सही, शिक्का.

तिचं कार्ड आलं.
तो दिवस नव्हता, तर ते गेले कशात?
पाद्रीबाबांच्या वहीत नऊ आहे.
आई नऊलाच गहू शिजवायची,
वर साखर, शेजारी वाटायची.
तुमच्या हिशेबानं बावीस होत असेल.
बावीसला आम्ही बटाटे लावतो.

त्या संध्याकाळी चालत घरी गेले.
आमच्याकडे मेलेल्यांची पत्रकं
दारांवर डकवतात, झाडांवर, बसथांब्यावर.
चाळीस दिवस झाले, सहा महिने, वर्ष, अकरा वर्षं.
पाऊस चेहरे धुऊन नेतो,
घरची माणसं नवी खळ घेऊन येतात.
त्याला संपादक नाही.
ओळींची मर्यादा तर नाहीच.
एवढी वर्षं मी त्या झाडांखालूनच
घरी जात होते.

दुसऱ्या दिवशी गायकाचा एक पडदा मी खाली ठेवला.
एक ओळ सुटली.
तिच्यात बसवलं:
ग्रोझ्यो पाचालोव्ह, चेपेलारे. घंटा.

साहेबांनी चष्मा कपाळावर सारला.
हे कोण? यांना ओळखतं कोण?
बकऱ्या, मी म्हटलं.
ते हसले नाहीत. लाल पेन्सिल फिरली.
त्या जागी छापून आलं
सूर्योदय पाच छप्पन्न.

पण कच्चं प्रूफ माझ्याकडे होतं,
अंगठा लागून जरा फरकटलेलं.
जगात तेवढी एकच प्रत.
पाकिटात घालून पाठवली.

उत्तर अजून नाही.
बटाट्यांचे दिवस आहेत.