चार सेकंद

आमच्या केंद्राचा मनोरा
एका जुन्या मासळीगोदामाच्या पाठीला टेकून उभा आहे.
पत्र्याला अजून उसिपाचा वास येतो,
आणि दुपारी सरोवराकडून वारा सुटला की
बातम्यांच्या मागे पत्रा वाजतो.
ऐकणाऱ्यांना वाटतं, टाळ्या.

मी तिथली काटछाट करणारी, डोरिका.
खोकले, अडखळणं, रडणारी पोरं, कोंबडे
मी वेचून काढते,
तांदळातले खडे काढावेत तसे.

त्या वर्षी वॉर्डाच्या निवडणुकीआधी
आम्ही एक प्रश्न हवेत सोडला:
तुमच्या भागातलं पाणी कुणाला कळतं?
बायांनो, उभ्या राहा, असं सरळ म्हणायची
आमची छाती झाली नाही.
संचालकांनी कागदावर लिहून दिलं होतं: सूचक असावं.

पुरुषांचे सतरा फोन आले.
अठरावा एका बाईचा. नाव सांगितलं नाही.
म्हणाली, पंप बिघडला की दुरुस्तीचे पैसे कुठे जातात
ते मला माहीत आहे,
कारण दर महिन्याला घरोघरी फिरून ते मीच गोळा करते,
वहीत मांडते, आणि ती वही ज्याच्या घरी असायची
तो माणूस
...
इथे ती थांबली.
चार सेकंद. मागे एक मूल खोकलं.
मग म्हणाली, वही आता माझ्याकडे आहे.

मी चार सेकंद कापले. मूलही.
वाक्य कसं गुळगुळीत झालं,
काठावरच्या ओल्या खडकासारखं.

दुसऱ्या दिवशी ते बाजारभर वाजलं,
सायकलवाल्याच्या टपरीवर, चितेंजेच्या दुकानात,
जाळ्यांना टाके घालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आंब्याखाली,
आणि मासे वाळवायच्या मांडवांजवळ,
जिथे फालेसी उसिपा उलटवत होती
आणि तिचा दीर रेडिओ कानाशी धरून म्हणत होता,
ही बाई उभी राहिली तर माझं मत तिला.
आपल्या घरातल्या बायकांना का नाही असं बोलता येत?

फालेसीने एक ओळ उलटवली. मग दुसरी.

हे तिनंच सांगितलं मला, नंतर,
केंद्राच्या दारात, चपला हातात घेऊन.
मला वाटलं, आभार मानायला आली.

ती म्हणाली, माझं थोडं तुमच्याकडे राहिलंय.
मी थांबले होते, ते कुठे गेलं?
अडखळले नव्हते मी.
त्या माणसाचं नाव घ्यावं की नाही, याचा विचार करत होते.
तुम्ही माझी अशी बाई करून टाकलीत
जिला विचारच करावा लागत नाही.
त्या बाईला दीर मत देईल.
उद्या मी उभी राहिले तर तो तिला शोधत येईल
आणि त्याला मी सापडेन.

वर तार हलली वाऱ्यानं.
मला उत्तर सुचलं नाही.
किती सेकंद, ते मोजले नाहीत.

पुढच्या गुरुवारी तिला स्टुडिओत बसवलं.
फोम फाटलेला माइक, पंखा बंद, मांडीवर तेच मूल.
मी फालेसी काचिंग्वे, म्हणाली, मी उभी आहे.
आणि मग थांबली.
मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.
मूल खोकलं. पत्रा वाजला.
काचेपलीकडे संचालक
दोन बोटांची कात्री करून दाखवत होते.

निकाल वाचणं माझं काम नव्हतं, पण वाचला मी:
एकशे बारा मतांनी हरली.
वही अजून तिच्याकडेच आहे.
दिरानं कुणाला मत दिलं
ते तिनंही विचारलं नाही.

आता गुरुवारी फोन येतात बायांचे,
वरच्या गावांतून, बेटावरून,
एकीचा तर होडीतून आला, लाटांसकट.
बोलता बोलता त्या एका जागी येऊन थांबतात.
कुणाचं नाव तोलत असतात, मला माहीत नाही.
सुई शून्यावर पडते. मी पडू देते.
यंत्राला वाटतं, केंद्र बंद पडलं,
लाल दिवा लुकलुकायला लागतो.

त्या दिव्यावर मी चिकटपट्टी लावली आहे.