किरकोळ खर्च

दर शनिवारी निरगुडेशेठ तिजोरी उघडायला लावतात
आणि मी वहीत लिहितो : किरकोळ खर्च, चाळीस हजार.
कुणाच्या नावे, ते विचारायचं नाही.
एकदाच विचारलं, तर म्हणाले,
'नाव विचारलं की माणूस मान खाली घालतो, गायधनी.'

अंबडला आमचा खोक्यांचा कारखाना.
पिंपळगावची द्राक्षं आमच्या पुठ्ठ्यात निजून
बोटीनं परदेशी जातात.
शेठ स्वतः सातपूरला, एका पत्र्याखाली,
खळ शिजवून खोकी चिकटवायचे,
नगाला अकरा पैसे.
अंगठ्यावरच्या रेषा तेव्हाच गेल्या.
बँकेतलं यंत्र अजून त्यांना ओळखत नाही.

सिव्हिलसमोर औषधांच्या दुकानापाशी उभे राहतात.
कुणी चिठ्ठी पुढे करतं, आकडा ऐकतं,
चिठ्ठी परत घेतं, 'येतो जरा' म्हणतं.
शेठ त्या 'येतो जरा'साठीच थांबलेले असतात.
पुठ्ठ्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या नोटा
त्याच्या हातात कोंबायच्या
आणि त्यानं मान वर करेपर्यंत
त्र्यंबक नाक्याच्या रिक्षांमध्ये दिसेनासं व्हायचं.
'नाशिकरोडला छापतात, नाशकात फिरू देत,' म्हणतात.
हसत नाहीत.

(एवढ्या पैशात एखाद्या सभागृहावर नाव लागलं असतं.
मी हिशेब करून पाहिलाय. दोन सभागृहं.)

मंगळवारी गेटवर एक बाई आली.
पेठकडची. पायात दोन वेगवेगळ्या चपला.
हातात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर आमचा शिक्का.
वॉचमननं वर आणलं.
तिनं टेबलावर नोटा मांडल्या, वर चिल्लर :
'आठशे साठ उरले. पुढची बाटली लागली नाही.'

लागली नाही म्हणजे
बरं वाटलं, की.

शेठनी तोंड उघडलं, मिटलं.
इतकी वर्षं न विचारण्याची सवय.
हात पुढे केला, तोही अर्धाच;
घ्यायचं कसं, ते विसरल्यासारखा.
बाईनं पदर सारखा केला, चहा नको म्हणाली,
जिना उतरून गेली.

मी वही उघडली.
किरकोळ खर्चाला जमेची बाजू
मी कधी आखलीच नव्हती.
'कुणाकडून लिहू?'

शेठ खिडकीपाशी.
खाली रस्त्यावर खोक्यांचा ट्रक मागे येत होता,
त्याच्या आडून तिचा हिरवा पदर गेला.
'पेठची बस किती वाजता असते?'
'सव्वापाचला,' मी म्हणालो.

ते गाडीची किल्ली शोधू लागले,
जी त्यांच्या हातातच होती.