शेपटीवाली क्रियापदं

कुडचड्यात, टायरांच्या दुकानावरच्या खोलीत
संध्याकाळी सात ते साडेआठ
मी इंग्रजी शिकवतो.
मी, म्हणजे जन्मभर मराठी शाळेत
कर्ता-कर्म-क्रियापद घोकून घेतलेला मास्तर.
फळा दोन बाय तीन. डस्टर म्हणजे माझाच जुना मोजा.

सोमवारी 'गिव्ह' घेतलं.
गिव्ह म्हणजे देणं, एवढं सगळ्यांना येतं.
मग त्याला शेपूट लावलं : अप.
गिव्ह अप. वर देणं?
सोयरू वेळीप म्हणाला, "वयर? देवाक?"
वर्ग हसला. मीही हसलो,
पण उत्तर फारसं चुकलेलं नव्हतं.

सोयरू टिपर चालवायचा, खाण ते धक्का,
घामात लाल माती, डब्यातल्या भातात लाल माती.
मग खाणी थांबल्या.
टिपर अजून त्याच्या घराशेजारी उभा आहे,
ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालते.

"मास्तर, कंपनीच्या पत्रात आशिल्लें,
लेड ऑफ. तें कितें?"
म्हटलं, ले म्हणजे अलगद ठेवणं.
कोंबडी अंडं घालते, तिथंही हेच क्रियापद.
ऑफ म्हणजे बाजूला.
त्यानं जुळवून पाहिलं :
"म्हणजे आमकां अलगद कुशीक दवरलें."
"अलगद कांयच ना," मागच्या बाकावरून कोणी तरी.

मिलाग्रिनला लुक आफ्टर हवं होतं.
पुढच्या महिन्यात ती इस्रायलला जाते आहे,
कुणाच्या तरी आईला सांभाळायला.
लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर,
तिनं स्वतःच लावला अर्थ : नंतर बघू.
"असं तर पंचायतीचा सेक्रेटरी म्हणतो," मी म्हणालो,
आणि खरा अर्थ दिला.
तिनं तो लिहिला. पहिला खोडला नाही.
काकोड्याला तिची स्वतःची आई
शेजारणीच्या भरवशावर राहणार आहे.

"पूण हे लोक अशें कित्याक करतात?" सोयरू चिडला.
"एक उतर पुरो जायना?"
मी म्हटलं, आपण काय वेगळं करतो?
बोलणं निराळं. बोलून टाकणं निराळं.
बोलून बसणं तर फारच निराळं.
टाकलं म्हणजे काही कचऱ्यात नव्हे,
बसलो म्हणजे काही खुर्चीवर नव्हे.
जमीन विकून टाकली, यात सुटका ऐकू येते.
जमीन विकून बसलो, यात...
मी थांबलो.
सोयरू खिडकीकडे बघत म्हणाला,
त्याच्या मोडक्यातोडक्या शाळकरी मराठीत,
"कर्ज काढून टिपर घेऊन बसलो."

संयुक्त क्रियापद. आठवीचा धडा.
परीक्षेला दोन मार्कांना यायचं.
इतकी वर्षं मी ते शिकवलं,
ऐकलं त्या दिवशी.

गृहपाठ दिला, प्रत्येकी एक वाक्य.
बुधवारी वह्या आल्या.
मिलाग्रिनचं वाक्य बिनचूक, पुस्तकातून उतरवलेलं.
सोयरूचं देवनागरीत :
आय गिव्ह अप माय टिपर.
मी लाल पेन काढलं. गिव्ह की गेव्ह?
सोडलास, की सोडतो आहेस?
इंग्रजीत काळ स्पष्ट लागतो, बाबा.

"भंगारवालो आयतारा येवपाचो आशिल्लो," तो म्हणाला.
"मग?"
"कोंबी बसल्या."
"बसल्या म्हणजे?"
"बसल्या म्हणजे बसल्या, मास्तर. तांतयांचेर. अंड्यांवर.
भंगारवाल्याक सांगलां, एकवीस दीस राव."

खाली दुकानात कुणी तरी ट्यूबमध्ये हवा भरत होतं.
मी पेनाला टोपण लावलं,
फळ्यावर नवं क्रियापद लिहिलं : पुट ऑफ.
पुट म्हणजे ठेवणं. ऑफ कालच झालेलं.
अर्थ सांगायला वळलो,
तर सगळे आधीच वहीत लिहून घेत होते.