राखाडी बनियन

गोयाच्या न्हाव्याकडे, गालाला फेस लागलेला असताना
कुणीतरी विचारतंच :
एव्हारिस्तो, शेवटची गोळी का नाही झाडलीस?

शेवटची नव्हती. चार होत्या.
आणि पोरं नऊ,
बुटांत वर्तमानपत्र कोंबलेली,
तीन दिवस मेंढीच्या एका कच्च्या तंगडीवर.
बेटावर धुकं असं, की आपला-परका
खोकल्यावरून ओळखायचा.
लेफ्टनंट जीपमधून आधीच गेलेला,
‘मरेपर्यंत लढा’ आमच्या हवाली करून.

मी बनियन काढून बंदुकीला बांधलं.
पांढरं कुठलं? चिखलानं राखाडी.
तरी त्यांना कळलं.

न्हाव्याचा वस्तरा थांबतो.
चालू दे, म्हणतो मी, कानाशी जपून.

आठ जण अजून आहेत.
नववा, तोलोसा, घरी परतल्यावर चार वर्षांनी,
बापाच्या कोठारात, दोरखंडानं.
तिथे कुणाला दिसेल असं
काय हलवायचं होतं मी,
ते अजून सुचत नाही.