एकदाही पडला नाही

"दारू नाही ताई, नुसत्या डब्या प्यायला,"
भटू दारातच उभा.
कपाळावरची हळद घामाने भुवयांत उतरलेली.
स्ट्रेचरवरचा हेमकांत मात्र कोरडा,
चुलीवर विसरलेल्या तव्यासारखा.
पारा एकशे सहाच्या वर,
आणि बोटं अजून डीजेचा ठोका धरून
चादरीवर.

बाहेर पारोळ्याचं दुपारचं तीनचं ऊन.
कुत्रंसुद्धा ॲम्ब्युलन्सखालून निघत नाही.

मी काही विचारत नाही. मांड्यांत, काखेत ओल्या घड्या ठेवत राहते.
बावीस वर्षांत कळलंय,
खरं विचारून येत नाही, थोडं थांबलं की येतं.

"क्वार्टर होती," भटू म्हणतो. "डबीत ओतलेली.
दोन. नाही, तीन.
पण ताई, चढलीच नाही त्याला!
दहापासून नाचतोय हायवेवर,
एकदाही पडला नाही."

तेच तर, भाऊ.
अकरालाच पडला असता
तर निंबाखाली ओढून निजवला असता तुम्ही,
तोंडावर रुमाल टाकून,
पाणी मारलं असतं, हसला असतात,
आणि रात्री वरण-बट्टीच्या पंगतीला
उठून बसला असता, लाजत.
डबीने पडू दिलं नाही.

माझे वडील दारूवर काळा चहा घ्यायचे.
आईला वाटायचं, उतरली.
उतरायची नाही,
डोळे तेवढे उघडे राहायचे.
मग ते गाडीची किल्ली मागायचे.

"बर्फ आणा," मी ओरडते, "मिळेल तिथून!"
मांडवातला निळा टप येतो,
डब्या ज्यात गार केल्या, तोच.
तळाशी अजून एक तरंगतेय, न फोडलेली.
बर्फ काखेत, मानेला, जांघेत.
पंखा त्याच्याकडे वळवून
ओली चादर.
लाइट जाऊ नये, एवढंच.

आई येते, नऊवारीचा पदर रस्त्यावरून फरफटत.
"मना पोऱ्या पेत नही वं माय."
मी हो म्हणते.
आत्ता तिच्याशी वाद कशाला.

एकशे चार.
सलाइनचा थेंब, मग थेंब.
एकशे तीन.
बोटांचा ठोका विस्कटतो, थांबतो.
माझ्याही छातीत काहीतरी थांबतं,
तोवर तो डोळे किलकिले करतो
आणि अगदी व्यवहारी आवाजात विचारतो,
"नवरी उनी का?"

आई रडता रडता हसते.
डॉक्टर म्हणतात, किडनीचं उद्या कळेल.
रात्रभर लघवी मोजायची. मी वहीत रेघ ओढते.

भटू अजून दारातच.
"पाणी प्यालास?"
"मला काय झालंय ताई? मी एकदम ओके."
जरा जास्तच भरभर बोलतो.
सवयीने कपाळावरून हात फिरवतो
आणि हळद भुकटी होऊन
शर्टावर सांडते.
कोरडी.

"भटू," मी दुसऱ्या खाटेवरची चादर ओढते,
"आणि तू किती?"