मागचं झाकण

ओझवाल्ड साठ रियाल म्हणाला, मी पन्नासला घेतली,
घरी चाळीस सांगितले.

रुवीत, शिंप्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर
त्याचं बिऱ्हाड विकायला काढलं होतं:
फ्रीज, सोफा, माशांची रिकामी काचपेटी,
प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा.
बेसवर चिठ्ठी नव्हती.
ती पलंगावर निजवलेली,
पंखा तिच्याच अंगावर सोडलेला.
"ऑगस्टात गाडीच्या डिकीत ठेवू नकोस," एवढंच म्हणाला,
"मी ठेवली होती एकदा. चहा पिऊन येईपर्यंत.
मान लचकली ती लचकलीच."

वादी कबीरला रोदेलची खोली आहे.
दिवसा तो एसी दुरुस्त करतो,
गुरुवारी रात्री आम्हाला.
शिबू येतो, त्याची पाच तारांची पाठीवर घेऊन.
हैथम येतो, आठ बेसचा धनी,
आणि स्टेजवर एकदाही न चढलेला.
आम्ही सगळे थोडेफार तसेच.
वाजवतो कमी, उघडतो जास्त.
तारा सपाट हव्यात की गोल गुंडाळलेल्या,
यावरून दोघं तीन आठवडे बोलत नव्हते.
हैथमने तर एकीचे सगळे पडदे पकडीने उपटले,
चरांत लाकडाच्या पट्ट्या भरल्या.
आता सूर बोटानेच शोधावा लागतो,
सापडत नाही,
आणि तो खूश आहे.

माझी टेबलावर आली.
रोदेलने तारा सैल केल्या, जाड आधी.
पिकअप बदल, म्हणाला, हे नुसते गुणगुणतात.
ब्रिज बदल, समुद्राने खाल्लाय. खुंट्या बदल.
मी वही काढली. हिशेब करणं माझा धंदा,
आख्ख्या इमारती मोजतो मी, विटेसकट.
बेरीज बेसच्या किमतीपुढे गेली
तेव्हा पान उलटलं.

मग त्याने मागचं झाकण उघडलं. चार स्क्रू.
आत वायरींचा गुंता, काळपट डाख,
आणि लाकडावर पेन्सिलीने काहीतरी.
टॉर्च धर, म्हणाला.

जे. बी., सालमिया, १९८७.
खाली कुवेत, एप्रिल ९०, नाव अर्धं पुसलेलं.
मग दोन बोटं कोरं लाकूड.
मग मनामा, ९३, आणि मल्याळममध्ये एक ओळ.
शिबूने वाचली:
"अर्थिंग मी नीट केलंय. आता शॉक बसणार नाही."
मग ओझवाल्ड, रुवी, २००६,
पुढे एक छोटा मासा.

हैथमने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.
त्या ऑगस्टात तो सात वर्षांचा होता, म्हणाला,
वडील रेडिओ बंदच करत नसत.
कोणी काढली असेल ही तिथून,
गाठोड्यात, ट्रकमध्ये, काय काय मागे टाकून?
एसी मध्येच थांबला, मग पुन्हा धरला.

पिकअप बदलले. ब्रिज बदलला.
खुंट्या हैथमने त्याच्याकडच्या दिल्या, पैसे नाही घेतले,
फक्त शब्द घेतला: विकलीस तर आधी मला विचार.
मान तीच ठेवली. आतल्या सळईला पाव आटा दिला,
एक चहाभर वाक अजून आहे.
अर्थिंगच्या वायरीला कुणी हात लावला नाही.

रोदेलने पेन्सिल पुढे केली.
नाव घेताना लिहायचं की देताना?
कुणालाच माहीत नव्हतं.
मडगावला फोन लावला.
"घेतली त्याच रात्री लिहिलं," ओझवाल्ड म्हणाला,
"कुणी परत मागेल अशी भीती होती."
मागे कोंबडा आरवत होता, अवेळी.
कशी वाजते, हे त्याने विचारलं नाही.
मी ॲम्पजवळ फोन धरला, खालची तार एकदा छेडली.
टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हललं.
पलीकडे काय पोचलं देव जाणे.

माशाच्या खाली मी लिहिलं:
रुवी. पन्नास रियाल.
खरा आकडा कुठेतरी असावा.

झाकण लावलं. चार स्क्रू.
त्यातला एक नुसताच फिरतो,
कुणाच्या वेळेपासून कोण जाणे.